भांग हाय, निजा

माझ्या गिरणीत लोक गहू आणतात, तांदूळ-ज्वारी आणतात, उन्हाळ्यात मिरच्या-धणे आणतात. रुचिका पाला आणायची. वाळलेला, काळपट, कधी नुसत्या काड्या आणि मुळ्या, गाठ मारलेल्या पिशवीतून.

"काकू, एवढं बारीक करून द्या ना. अगदी मैद्यासारखं. बाबांच्या घशात अडकतं."

मी तोंड वाकडं करायची. अगं, लोकांच्या भाकरीचं जातं आहे हे, वैद्यबुवांचा खल नाही! पण ती समोर उभी राहिली की माझ्याच्यानं नाही म्हणवत नसे. एकतर गाळा तिच्या नवऱ्याचा, मी भाडेकरू. आणि दुसरं म्हणजे, पिशवी माझ्या हातात देताना तिची नजर वर आपल्या गॅलरीकडे असायची. गळ्यात निळी फीत, फितीला घराची किल्ली. वर कुलपाआड सासरा, आणि खाली ही, जीव मुठीत धरून पीठ होण्याची वाट बघत. अशा बाईला ताटकळत ठेवण्याइतकी मी दगड नाही.

कामतघर भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी ही दुमजली इमारत आहे. खाली माझी गिरणी आणि एक मोबाईलवाला. वर कुणाल, त्याची बायको रुचिका, त्यांची शाळेत जाणारी मुलगी पूर्वा आणि कुणालचे वडील दाजी. चारी बाजूंनी कापडाचे लूम. त्यांची खटखट आम्हाला ऐकू येत नाही, लाईट गेली की मात्र सगळी गल्ली दचकते.

दाजी मूळचे मानकोलीच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या गावचे. भातशेती होती. ती गोदामांखाली गेली आणि तिच्या बदल्यात ही इमारत आली, कुणालचे दोन टेम्पो आले. आता ते टेम्पो त्याच गोदामांचा माल वाहतात. दाजींना त्याचं काही सुखही नव्हतं आणि दुःखही नव्हतं. दुपारी माझ्या गिरणीबाहेर स्टूल टाकून बसायचे आणि मला चिडवायचे, "घाटीन, पीठ जारं दलतंस तू. भाकर खाल्ली का दगर?" मीही ऐकून घेणारी नाही. म्हणायची, दाजी, दात आधी मोजा, मग पिठाला नावं ठेवा.

बायको गेली आणि वर्षभरात दाजी चुकायला लागले. आधी शब्द हरवले, मग माणसं. मेलेली बायको कुठे गेली म्हणून विचारायचे. सांगितलं की रडायचे, आणि चहा पिऊन झाला की परत विचारायचे. मग एक दिवस घरातून निघाले ते मानकोलीच्या रस्त्याला, ट्रेलरच्या मधोमध चालताना सापडले. दुसऱ्यांदा इथल्याच वऱ्हाळदेवीच्या तलावावर मिळाले. काठाला उभे राहून पाण्याकडे टक लावून बघत होते आणि म्हणत होते, "ह्ये पानी हालत कसं न्हाय?" त्यानंतर कुणालनं जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवून घेतली आणि तिला कुलूप लागलं.

डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं. या आजाराला मागे फिरवणारं औषध नाही, गोळ्यांनी थोडाफार फरक पडला तर पडेल. त्यांना एकटं सोडू नका, ओळखीचं बोला, ओळखीचं खायला द्या. कुणालला हे पटलं नाही. फी घेऊन औषध नाही म्हणणारा कसला डॉक्टर?

आता रुचिकाबद्दल. ती मुरबाडच्या पुढची, डोंगराकडची. लग्नानंतर चार-पाच वर्षं घरात काढली आणि मग हट्टानं मानकोलीच्या एका गोदामात कामाला लागली. ऑनलाईन मागवलेल्या वस्तू स्कॅन करायच्या, खोक्यात भरायच्या. कंपनीची बस नाक्यावर यायची. पुढे ती तिथे लीड झाली, म्हणजे वीसेक बायकांवर देखरेख करणारी. गळ्यात निळी फीत, फितीला फोटोचं कार्ड. ते घालून ती जिना उतरायची तेव्हा तिची चाल वेगळी असायची. मी गिरणीतून बघायची आणि मला उगीचच बरं वाटायचं.

जाळी बसली आणि तिची बस सुटली. कुणाल म्हणाला, "थोडे दिवस. औषध लागू पडलं की जा परत. मी कुठे नाय म्हणतोय?"

कुणाल वाईट नाही, हे इथेच लिहून टाकते, कारण पुढे मी त्याच्यावर बरीच चिडणार आहे. तो दारू पीत नाही, हात उचलत नाही, बापावर त्याचा जीव आहे. पण तो टेम्पो घेऊन सकाळी निघतो आणि ती कुलूप लावून आत राहते. तिकडे गोदामातली तिची सुपरवायझर मनाली म्हणाली होती, "दसऱ्यापासून सीझन सुरू. तोवर तुझी जागा मी धरून ठेवते. पुढे माझ्या हातात नाही." म्हणजे रुचिकाची सुटका एकाच गोष्टीवर अडलेली होती. औषध लागू पडलं पाहिजे, आणि दसऱ्याच्या आत लागू पडलं पाहिजे.

म्हणून तर त्या पाल्यावर सगळ्यांत जास्त विश्वास तिचा.

मानकोलीच्या बाजूला रस्त्यालगत एक जडीबुटीवाला तंबू ठोकून बसतो. बरण्याच बरण्या, मुळ्यांच्या माळा, मागे कसलंसं शिंग. कुणाल टेम्पो थांबवून त्याच्याकडून आणायचा. पहिली आली ब्राह्मी आणि शंखपुष्पी. मी दळून दिली, रुचिकानं दुधातून चालू केली. आणि काय सांगू, दाजी निवळले! जाळीला धडका देणं थांबलं. खुर्चीत बसून पूर्वाचे केस विंचरायला लागले. रुचिका धावत खाली आली, माझे पिठाचे हात धरून म्हणाली, "काकू, लागू पडलं!" लगेच मनालीला फोन करून मोकळी झाली.

आणि मग एका दुपारी वरून जाळीचा आवाज आला. दाजी दोन्ही हातांनी ती हलवत होते. "उघारी ऱ्हायली! उघारी ऱ्हायली!"

रुचिकाला वाटलं, दार उघडं राहिलं म्हणतात. ती कुलूप धरून दाखवायला लागली. "नाही हो बाबा, उघडी नाही, बघा, कुलूप आहे." ती जितकं कुलूप दाखवी तितके दाजी भडकत. शेवटी थकून खाली बसले आणि तिला विचारू लागले, "भांग हाय का? गो, भांग हाय का?"

त्या दिवशी संध्याकाळी तिनं मला हळूच विचारलं, "काकू, बाबा तरुणपणी भांग घ्यायचे का हो?" मला काय ठाऊक? मी साताऱ्याकडची. मला भांग माहीत ती महाशिवरात्रीची. कुणालही म्हणाला, कधी पाहिलं नाही, पण म्हाताऱ्यांचं काय सांगावं.

ब्राह्मी हरली तशी मालकांगणी आली. तिचं तेल बत्ताशावर टाकून द्यायचं. तेही आठवडाभर छान चाललं आणि मग हरलं. मग वेखंड. वेखंड मी दळलं आणि त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी पीठ नेलं ते सगळे दुसऱ्या दिवशी भांडायला आले, भाकरीला कसला उग्र वास येतोय म्हणून. मी सगळं ऐकून घेतलं, कारण वर दाजी पुन्हा शांत झाले होते आणि रुचिका पुन्हा गुणगुणत होती. वाईट त्याचंच वाटतं मला. एकदाही गुण आला नसता तर तिनं नाद सोडून दिला असता. पण प्रत्येक औषध थोडे दिवस लागू पडायचं. आशा लावायचं आणि मोडायचं.

जडीबुटीवाल्याकडे याचंही उत्तर होतं. पथ्य चुकलं. दाजींची सुकी मासळी बंद करा. आगरी माणसाच्या ताटातून वाकटी आणि सुकट काढून घेतली! दाजी ताटाकडे बघत बसायचे, काहीतरी राहिलंय एवढं कळायचं, काय ते आठवायचं नाही. तरी औषध हरलंच. तेव्हा तो बुवा कुणालला म्हणाला, "घर की औरत ने उन दिनों में दवाई को हाथ लगाया होगा. बूटी मर जाती है."

कुणालनं हे घरी येऊन सांगितलं. रागानं नाही, नुसतं सांगितलं. "एवढे चार दिवस जरा सांभाळ ना." आणि रुचिकानं ते खरं मानलं. शिकलेली, वीस बायकांना कामाला लावणारी पोरगी, चमच्याला हात लावताना घाबरायला लागली. वटपौर्णिमेला ती वडाला जाऊ शकली नाही, दाजी सकाळपासून बिथरले होते. मी नाक्यावरून फांदी आणून दिली. गॅलरीत कुंडीत फांदी खोचून तिनं सूत गुंडाळलं. मी म्हटलं, "पुढचे सात जन्म हेच घर मागतेस? जाळीसकट?" ती हसली नाही. म्हणाली, "काकू, माझ्याच हातून चुकतंय. दर वेळी चांगलं होतं आणि माझ्या हातून मोडतं." मला इतका राग आला की मी तिथून उठून खाली आले आणि रिकामी गिरणी चालू केली.

आषाढ संपत आला तसा दाजींचा तो धोशा वाढला. भांग हाय का, भांग हाय का. कुणालनं जडीबुटीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "माँग रहा है तो दे दो. भांग भी तो बूटी है. दिमाग को ठंडक देगी." ऐकायला किती सरळ! गटारीचा दिवस होता. सगळी गल्ली मटणाच्या रांगेत होती, आणि कुणाल लूमच्या बाजूच्या एका पानटपरीवरून भांगेच्या गोळ्या घेऊन आला. दुधात विरघळवून बापाला त्यानं स्वतःच्या हातानं पाजलं. रुचिकाचा हात लागायला नको ना!

दिवेलागणीला वरून पूर्वाची किंचाळी आली. मी जिना कसा चढले मला ठाऊक नाही. दाजी पलंगावर उभे होते आणि पूर्वाला काखेत धरून वर उचलत होते. "पानी आयलं! घरान पानी आयलं! पोरीला वर घे, वर घे!" जमीन कोरडी ठणठणीत. त्यांना मात्र गुडघाभर पाणी दिसत होतं. पोरीला कपाटावर ठेवायच्या धडपडीत तोल गेला आणि ते पडले. पूर्वाला खरचटलंसुद्धा नाही, तिला त्यांनी शेवटपर्यंत वर धरली होती. त्यांचं कपाळ मात्र फुटलं.

दवाखान्यात टाके घालणाऱ्या डॉक्टरनं विचारलं, "काय दिलं होतं यांना?" कुणाल पैसे भरायला खिडकीकडे गेला. रुचिकानं सांगितलं. बोलणीही तिनंच खाल्ली.

त्यानंतर घरातला पाला बंद झाला. आणि पाला बंद झाला म्हणजे तिची आशाही बंद झाली. किल्लीची निळी फीत तेवढी गळ्यात राहिली. कार्ड तिनं काढून फ्रिजवर ठेवलं होतं.

राखी पौर्णिमेला हौसाआत्या आली. दाजींची थोरली बहीण, खाडीपलीकडच्या गावात दिलेली, नव्वदीला टेकलेली. नारळीपुनवेचं सगळं आटपून नातवाच्या मोटरसायकलवर मागे बसून आली. मी नारळाच्या वड्या द्यायला वर गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

आत्यानं भावाच्या कपाळाला हात लावला. टाक्यांवर नाही, बाजूला. राखी बांधली. दाजींनी तिला ओळखलं नाही, पण हात पुढे केला. दुपार व्हायला आली तसे ते चुळबुळायला लागले. उठून जाळीपाशी गेले. "उघारी ऱ्हायली. भांग हाय का?"

रुचिका कसनुसं हसून म्हणाली, "आत्या, हेच चालू असतं. भांग मागतात. दिली तर हे असं झालं."

"काय दिलंव?" आत्यानं विचारलं.

"भांग."

आत्या तिच्याकडे वळून म्हणाली, "गो बाय, भांग प्यायची कुठली? भांग पान्याची! खारीचं पानी!"

आणि म्हातारीनं फरशीवर फतकल मारून आम्हाला समजावलं. पुनवेला-अवसेला खाडीला मोठं पाणी चढतं, ते उधाण. अष्टमी-नवमीच्या सुमाराला पाणी मरतं, जेमतेम चढतं, त्याला भांग म्हणतात. दाजींची शेती खाडीला लागून. मधे मातीचा बांध, आणि बांधात पाणी सोडायची वाट, तिला फळ्यांचं दार. ती उघाडी, दाजींच्या बोलीत उघारी. ओहोटीला उघडून शेतातलं पाणी बाहेर काढायचं, भरतीच्या आधी लावून घ्यायची. उधाणाला उघाडी लावायची राहिली की खारं पाणी आत, आणि मग तीन वर्षं त्या मातीत भात नाही. गावाची उघाडी राखायचं काम दाजी आणि त्यांचा जोडीदार पंढरी या दोघांचं. एक निजला तर दुसऱ्यानं जागायचं. दुसरा आल्याशिवाय पहिल्यानं बांध सोडायचा नाही. पंढरी मरून आता किती पावसाळे झाले.

"आमचा बापूस बांदावरून आयला क आय इचारायची, भांग हाय का? त्यो बोलायचा, भांग हाय, निजा. तवा आमी पोरां निजायचो," आत्या म्हणाली. "आज पुनव. भरतीची येल झाली. त्याला कसं बसवंल?"

"पण त्यांना तिथी कशी कळते? त्यांना माझं नाव आठवत नाही," रुचिका म्हणाली.

आत्यानं गॅलरीतून दिसणाऱ्या आभाळाकडे बोट केलं. "चांद दिसतो नं?"

मग ती गुडघ्यावर हात ठेवून उठली, जाळीपाशी गेली आणि भावाचं मनगट धरलं. "दाजी, उघारी लावली. मी बघलंय. भांग हाय, निज."

दाजींनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. खांदे खाली आले. लहान पोरासारखे तिच्यामागून पलंगाकडे गेले, आडवे झाले आणि थोड्या वेळात घोरायला लागले.

आत्या गेल्यावर रुचिका माझ्या गिरणीत येऊन बसली. एकदम म्हणाली, "काकू, ब्राह्मी कधी चालू केली होती?" मी म्हटलं, हनुमान जयंती होऊन गेल्यावर. "आणि बिघडली कधी?" अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. म्हणजे अवस. "मालकांगणी?" बुद्धपौर्णिमेची मिरवणूक खालून जात होती आणि वर दाजी जाळी हलवत होते, ते मला स्पष्ट आठवलं. वेखंड आधी मधल्या अवसेला हरलं, मग परत वटपौर्णिमेला. गटारी तर अवसच. बिघडायचे ते पुनव-अवसेला, आणि मग नवं औषध यायचं, आणि तेवढ्यात पाणी आपोआप मरायचं. गुण भांगेचाच होता. प्यायच्या नाही, खाडीच्या.

"म्हणजे माझ्या हातून काही चुकलं नव्हतं," ती म्हणाली. तिला आधी हसू आलं. नंतर म्हणाली, "म्हणजे एकही लागू पडलं नव्हतं, काकू." आणि पिठाच्या पोत्यावर डोकं टेकून रडली. मी तिला रडू दिलं. गिऱ्हाईक आलं त्याला म्हटलं, लाईट नाही, नंतर या.

पोळ्याच्या अवसेला तिनं स्वतः करून पाहिलं. दाजी उठले तशी तिनं आत्यासारखं मनगट धरलं. "बाबा, उघारी लावली. भांग हाय, निजा." त्यांनी डोळे बारीक केले. "कोन? पंढरी का?" ती म्हणाली, "हो. पंढरी." त्यांच्या तोंडावर जे समाधान आलं ते मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. "मंग मी निजतो," म्हणाले, आणि निजले.

घरातलं वातावरणच बदललं. सुकट परत ताटात आली. रुचिका पंचांग बघून वागायला लागली. आज तीज, आज षष्ठी, आज भरती कधी. पहाटे भरती असली तर पहाटे उठून सांगायची. तिनं मनालीला कळवलं, येते. घटस्थापनेपासून ड्युटी, आदल्या दिवशी येऊन नवीन कार्ड करून घे, असं ठरलं. दिवसा सांभाळायला कुणाल बाई बघणार होता. बाईला ते वाक्य शिकवायचं, झालं. तसं आमचं ठरलं होतं.

आदला दिवस म्हणजे सर्वपित्री. अवस. आईचं पान ठेवायचं म्हणून कुणाल घरीच होता. रुचिकानं त्याला वाक्य तीनदा म्हणायला लावलं. फ्रिजवरचं जुनं कार्ड फितीला अडकवलं, किल्ली कुणालच्या हातात दिली. जिना उतरताना तिची ती जुनी चाल परत आली होती. मला गिरणीच्या दारातून हात करून ती रिक्षात बसली.

दुपारी वरून जो आवाज आला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. जाळीचा नाही, रडण्याचा. मी वर गेले. कुणाल बापाचं मनगट धरून घाम पुसत तेच वाक्य म्हणत होता, मीच पंढरी असंही सांगत होता. दाजी त्याला झटकत होते. "तू कोन? पंढरी कुठं गेला? बांद सोरून गेला! पंढरी बांद सोरून गेला!" म्हातारा माणूस जाळीवर कपाळ आपटत होता, टाक्यांच्या खुणेवरच. मीही म्हणून पाहिलं, भांग हाय, दाजी, निजा. माझ्याकडे बघून ते ओरडले, "घाटीन, तुला काय कलतं पान्यातलं!" एवढ्या सगळ्यात मला मात्र ओळखलं. कुणालनं फोन लावला.

रुचिका गोदामाच्या गेटपर्यंत पोचली होती. गेटवर नाव सांगत होती तेव्हाच फोन वाजला. ती त्याच रिक्षानं परत आली. जिन्यात शेजारपाजारचे जमले होते, ते बाजूला झाले. तिनं कुणालच्या हातातून किल्ली घेतली, जाळी उघडून आत गेली, दाजींचं मनगट धरलं.

"उघारी लावली. भांग हाय, निजा."

"कुठं गेल्तास रं पंढरी?"

"पाणी बघायला."

"सांगून जावं," दाजी म्हणाले, आणि हुंदके देत देत तिच्या आधारानं पलंगावर टेकले.

कुणालचा जीव भांड्यात पडला. तो जिन्यातल्या लोकांकडे वळून म्हणाला, "बघितलं? एकदाचं औषध लागू पडलं. हिचंच ऐकतात बघा. आता टेन्शन नाय." तो मनापासून खूश होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ज्या दिवसाची वाट बघत तिनं चैत्र ते भाद्रपद काढला तो दिवस हाच होता. औषध लागू पडलं होतं, आणि ते औषध हीच होती. आणायचं कुठून नाही, दळायचं नाही, संपायचं नाही. बाई ठेवून भागणार नव्हतं. पुनव-अवस ठरलेली, भरती दिवसाला दोनदा, आणि घरात एकच पंढरी.

मी एवढंच म्हटलं, "कुणाल, हिची नोकरी?" तो म्हणाला, "अहो काकू, बघू ना. बाबांना जरा बरं वाटू दे." तो खरंच नाही म्हणत नव्हता.

रुचिकानं काही ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं. तिनं फितीचं कार्ड सोडवलं आणि जाळीतून माझ्या हातात दिलं. "काकू, नाक्यावर उद्या सकाळी बस येईल, ड्रायव्हरकडे द्याल? मनालीला द्यायला सांगा." कार्डावर तिचा फोटो होता, केस घट्ट बांधलेले, हसू दाबून धरलेलं. रिकाम्या फितीला तिनं किल्ली अडकवली.

आतून दाजींचा पेंगुळलेला आवाज आला. "पंढरी, आता पाली तुजी. मी येईतवर हालू नको."

"न्हाय हालत," ती म्हणाली, आणि आतून कुलूप लावून फीत गळ्यात घातली.